वीस डेसिबलची गोष्ट

गेल्या शनिवारी सकाळी उठून बघतो तर राउटरशेजारच्या डबीवर लाल दिवा. त्या दिव्याखाली एल-ओ-एस अशी तीन अक्षरं असतात. लॉस ऑफ सिग्नल. म्हणजे बाहेरून येणारा प्रकाश घरापर्यंत पोचतच नाहीये. खाली सोसायटीत ड्रेनेजसाठी खोदकाम चाललं होतं, त्यामुळे गुन्हेगार शोधायला फार डोकं चालवावं लागलं नाही. तक्रार नोंदवली आणि चक्क दोन तासांत माणूस हजर! (पुण्यात हेसुद्धा घडतं.)

घरात नेट नाही म्हणजे शनिवारी सकाळी करण्यासारखं काहीच नाही. मग जिन्यात त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्याने जेवणाच्या डब्याएवढं एक मशीन उघडलं. केबलचं काळं कव्हर सोललं, आतली बारीक रंगीत तार काढली, तिच्यावरचा थर चिमट्यासारख्या हत्याराने खरवडला, स्पिरिटने पुसली. उरला तो काचेचा एक केस. टोक कापताना पडलेला तुकडा त्याने चिकटपट्टीने उचलून एका बाटलीत टाकला. "साहेब, हा पायात गेला तर दिसत नाही आन् निघतही नाही."

दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवली, झाकण लावलं. स्क्रीनवर ती खांबाएवढी दिसायला लागली, आपोआप एका रेषेत सरकली, एक ठिणगी उडाली आणि दोन्ही काचा वितळून एक झाल्या. खाली आकडा आला, ०.०१. "पॉइंट शून्य एक लॉस. झालं काम."

आता मी ईएनटीसीचा इंजिनियर. ऑप्टिकल फायबर कम्युनिकेशन हा अख्खा विषय पास झालेला. अटेन्युएशनचं गणित परीक्षेत हमखास यायचं आणि मी ते हमखास सोडवायचो. पण उघडी फायबर पहिल्यांदा हातात धरली ती वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जिन्यात बसून, बर्म्युडा घालून. असो.

नेट आल्यावर कौतुकाने त्या मशीनचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत मामांचं उत्तर. उत्तर कसलं, फॉरवर्ड! ऑप्टिकल फायबरचा शोध एका भारतीयाने लावला, नोबेल मात्र चिनी माणसाला दिलं, अभिमान असेल तर पुढे पाठवा, वगैरे. खाली चार-पाच तिरंगे.

खरं सांगायचं तर कॉलेजात असताना हाच मजकूर मीही पुढे पाठवला होता. (तिरंगे जरा कमी होते, एवढाच फरक.) पण मामांचं म्हणणं 'हो हो' करून सोडून देण्यासारखं नसतं. ते तीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. पुण्यातल्या किती खड्ड्यांत उतरून त्यांनी किती तारा जोडल्या असतील याची गणती नाही. त्यांना या विषयात बोलायचा माझ्यापेक्षा जास्त अधिकार आहे. तेव्हा ठरवलं, यावेळी नीट वाचूनच उत्तर द्यायचं. शनिवार-रविवार त्यातच गेला, आणि जे सापडलं ते फॉरवर्डपेक्षा बरंच मजेशीर निघालं.

आधी त्या भारतीयाबद्दल, कारण माणूस खरोखरच मोठा. नरिंदरसिंग कपानी. जन्म १९२६, पंजाबातलं मोगा. शिक्षण डेहराडून आणि आग्र्याला. शाळेत मास्तरांनी सांगितलं की प्रकाश फक्त सरळ रेषेत जातो, आणि ते आपल्याला काही पटलं नाही, असं ते स्वतः सांगायचे. पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी हजारो काचतंतूंची सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीची जुडी बांधली आणि तिच्यातून चक्क चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. जुडी वाकवली तरी चित्र पोचतं! २ जानेवारी १९५४ च्या 'नेचर'मध्ये हा निबंध आला.

गंमत म्हणजे त्याच अंकात हॉलंडच्या अब्राहम व्हान हेल यांचंही याच विषयावरचं टिपण आहे. त्यांचा मुद्दा वेगळा होता. काचेच्या तंतूत प्रकाश कडेवर तिरका आदळतो आणि बाहेर न पडता आत परततो, म्हणून तो तंतूबरोबर वळतो. पण शेजारचा तंतू चिकटला किंवा बोटाचं तेल लागलं की तिथून प्रकाश गळतो. यावर व्हान हेल यांचा उपाय असा की तंतूला कमी अपवर्तनांकाच्या पदार्थाचं अंगरखं घाला. आज ज्याला आपण क्लॅडिंग म्हणतो ते हेच. त्याच्याही आधी १९३० मध्ये हाइनरिख लाम नावाच्या म्युनिकच्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने तंतूंच्या जुडीतून दिव्याच्या तारेची प्रतिमा पाठवून बघितली होती. आणि १८४० च्या दशकात जिनिव्हाचे दानिएल कोलादों पाण्याच्या धारेतून प्रकाश वळवून दाखवत होते. थोडक्यात, 'एकट्याने शोध लावला' हे वाक्य इथेच जरा डगमगायला लागतं.

कपानींचं काम वाया गेलं का? अजिबात नाही. १९५६ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात लॉरेन्स कर्टिस या विद्यार्थ्याने काचेचंच अंगरखं असलेला तंतू बनवला आणि त्यातून पोटात डोकावणारी लवचीक नळी तयार झाली. डॉ. बेसिल हिर्शोविट्झ यांनी ती रुग्णाच्या आधी स्वतः गिळून पाहिली. (आपण आपला कोड आधी स्वतः टेस्ट करतो का, हा विचार मनात आलाच.) कपानींनी १९६० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लेख लिहून 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव लोकांच्या तोंडी रुळवलं. आज एन्डोस्कोपीने ज्यांचं दुखणं वेळेत सापडतं, त्या सगळ्यांवर या मंडळींचं ऋण आहे.

मग अडलं कुठे? अडलं अंतरात. इथे आपलं ते परीक्षेतलं गणित कामाला येतं.

प्रकाश किती कमी होतो हे डेसिबलमध्ये मोजतात. दर १० डेसिबलला एकदशांश उरतो. २० डेसिबल म्हणजे शंभरातला एक. त्या काळच्या चांगल्या काचतंतूत दर किलोमीटरला सुमारे १००० डेसिबल घट व्हायची. पोटात घालायची नळी दोन मीटरची, म्हणजे घट २ डेसिबल, म्हणजे ६३ टक्के प्रकाश पोचला. डॉक्टर खूश. वीस मीटरवर गेलात तर उरला एक टक्का. आणि एक किलोमीटरवर? एकावर शंभर शून्यं लिहा. तेवढे फोटॉन या टोकाला ओतले तर त्या टोकाला एक बाहेर पडणार. आपल्याला दिसणाऱ्या सगळ्या विश्वात मिळूनसुद्धा इतके फोटॉन नाहीत!

म्हणजे जिन्यापासून रस्त्यापर्यंतसुद्धा ही काच प्रकाश नेऊ शकत नव्हती. टेलिफोनसाठी काच? शहाण्या माणसाने विषय काढू नये.

१९६० मध्ये लेसर आला आणि दूरसंचारवाल्यांना प्रकाशाचा मोह पडला. मायक्रोवेव्हपेक्षा प्रकाशाची वारंवारता हजारो पटींनी जास्त, म्हणजे माहिती वाहायची क्षमताही त्याच प्रमाणात जास्त. प्रश्न एकच, रस्ता कुठला? हवेतून पाठवावा तर धुकं आणि पाऊस. त्या काळी या क्षेत्रातली सगळ्यात मोठी प्रयोगशाळा म्हणजे अमेरिकेतली बेल लॅब्ज. त्यांचा भर पोकळ नळ्यांवर होता. एक म्हणजे काही सेंटिमीटर व्यासाचे धातूचे पाइप, त्यातून मिलिमीटर लहरी पाठवायच्या. दुसरं म्हणजे प्रकाशासाठी नळ्या, आत ठरावीक अंतरावर भिंगं, अगदी वायूची भिंगंसुद्धा. हे पाइप जवळजवळ सरळ टाकावे लागणार, वळणं अगदी हलकी. आपल्या पेठांत टाकून दाखवा म्हणावं! पण बेल लॅब्जमधली माणसं मूर्ख नव्हती. काचेचा आकडा समोर होता, १०००. आमच्या भाषेत सांगायचं तर काचेचं तिकीट 'नोन लिमिटेशन' असा शेरा मारून क्लोज झालेलं होतं.

ते तिकीट पुन्हा उघडलं चार्ल्स काव यांनी. जन्म १९३३, शांघाय. पुढे कुटुंब हाँगकाँगला गेलं, हे शिकायला लंडनला आले. लंडनच्या उत्तरेला हार्लो नावाच्या गावात स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीज होती, तिथे नोकरी. गटाचे प्रमुख अँटनी कार्बोवियाक १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियाला निघून गेले आणि एकतिशीतल्या काव यांच्याकडे काम आलं. सोबत त्यांच्याहून तरुण जॉर्ज हॉकहॅम. हॉकहॅम यांनी विद्युतचुंबकीय गणित बघायचं, काव यांनी काच बघायची अशी वाटणी.

काव यांनी प्रश्न विचारला तो अगदी बाळबोध. प्रकाश काचेत मरतो, हे ठीक. पण कशाने मरतो? काचेमुळे, की काचेतल्या कचऱ्यामुळे?

जुनी खिडकीची काच कडेने बघा, हिरवी दिसते. तो रंग काचेचा नव्हे, तिच्यातल्या लोहाचा. लोह आणि तसलेच इतर धातू अगदी अल्प प्रमाणात असले तरी प्रकाश गिळतात. काव यांनी उपलब्ध माहिती गोळा केली, काचवाल्यांशी बोलले, आकडेमोड केली आणि निष्कर्ष काढला की काचेच्या स्वतःच्या रचनेमुळे होणारी घट फारच कमी आहे. बाकी सगळा दोष अशुद्धीचा. लोहाचं प्रमाण दहा लाखांत एक भाग याच्याही खाली आणलं, तर किलोमीटरला २० डेसिबल गाठता येईल. म्हणजे एका किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरेल, आणि एवढा उरला तर टेलिफोनचं काम भागतं. काव आणि हॉकहॅम यांचा हा निबंध जुलै १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

लक्षात घ्या, तेव्हा अशी काच अस्तित्वातच नव्हती. काव यांनी फायबर बनवली नाही. त्यांनी 'हे लिमिटेशन नाही, बग आहे' एवढंच म्हटलं, आणि बग फिक्स झाला हे कधी म्हणायचं त्याचा आकडा लिहून दिला. मला वाटतं नोबेल या दोन गोष्टींचं आहे.

पण नुसतं म्हणून कोण ऐकतं? पुढची काही वर्षं काव प्रयोगशाळा आणि काचकारखाने यांच्या दारोदार हिंडले. आणि हार्लोत पुरावा जमवत बसले. हा पुरावा जमवणं किती अवघड होतं बघा. हाताशी काचेचा तुकडा वीतभर, समजा २० सेंटिमीटर. किलोमीटरला २० डेसिबल म्हणजे त्या तुकड्यात घट होणार जेमतेम एक-सहस्रांश. आणि काचेत शिरतानाच साडेतीन टक्के प्रकाश परावर्तित होऊन जातो, बाहेर पडताना पुन्हा तेवढाच! वरातीतल्या बँडच्या शेजारी उभं राहून घड्याळाची टिकटिक मोजायची, असला प्रकार. मग वेगवेगळ्या लांबीचे दोन तुकडे घ्यायचे, दोन्हींवर पृष्ठभागाची घट सारखीच, ती वजा झाली की उरते ती काचेची. काव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी मोजमापं करून १९६९ मध्ये दाखवलं की शुद्ध सिलिकाच्या काही नमुन्यांत घट किलोमीटरला ५ डेसिबलच्याही आत आहे. म्हणजे २० हा आकडा स्वप्नातला नव्हता.

आता शर्यत लागली. ती जिंकली अमेरिकेतल्या कॉर्निंग या काच कंपनीच्या तिघांनी. रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ. बाकीचे लोक सहज वितळणारी नेहमीची काच शुद्ध करायच्या मागे होते. या तिघांनी उलटा रस्ता धरला. सिलिका वितळायला महाकठीण, पण वायूपासून थर देत बनवली तर मुळातच शुद्ध. त्यात एक अडचण अशी की सिलिकाचा अपवर्तनांक फार कमी, आणि गाभ्याचा अपवर्तनांक तर अंगरख्यापेक्षा जास्त लागतो. म्हणून त्यांनी गाभ्यात मुद्दाम थोडं टायटॅनियम घातलं. एवढी शुद्ध काच करायची आणि मग आपल्या हाताने त्यात भेसळ करायची! १९७० मध्ये आकडा आला, किलोमीटरला १७ डेसिबल. काव यांनी आखलेली रेघ ओलांडली. ही पहिली फायबर ठिसूळ होती, पण १९७२ मध्ये टायटॅनियमच्या जागी जर्मेनियम आलं आणि आकडा ४ वर उतरला. त्याच १९७० मध्ये खोलीच्या तापमानाला सतत चालणारा अर्धवाहक लेसरही तयार झाला, लेनिनग्राडमध्ये अल्फेरोव्ह यांच्या गटाकडे आणि बेल लॅब्जमध्ये हायाशी आणि पॅनिश यांच्याकडे. दिवाही मिळाला, रस्ताही मिळाला.

मग मात्र गाडी थांबली नाही. १९७७ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला लोकांचे खरेखुरे फोन फायबरवरून गेले. १९७९ मध्ये जपानमध्ये घट ०.२ डेसिबलपर्यंत आली. म्हणजे एक टक्का प्रकाश उरायला पूर्वी वीस मीटर पुरायचे, आता शंभर किलोमीटर लागतात. १९८८ मध्ये अटलांटिकच्या तळाशी पहिली फायबर केबल सुरू झाली, एका वेळी ४०,००० फोन. १९९७ मध्ये फ्लॅग नावाची केबल समुद्रातून मुंबईला लागली, आणि आमच्या आयटीच्या नोकऱ्या पुढे अशाच तारांवर आल्या. बेल लॅब्जचे पाइप तोवर बासनात गेले होते.

रविवारी हे सगळं घेऊन मामांकडे जेवायला गेलो. मामांनी जेवता जेवता शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "अरे, आमच्याकडेही तेच होतं. जुन्या केबलमध्ये तांब्याच्या तारांवर कागद गुंडाळलेला असायचा. पावसाळ्यात जॉइंटमधून पाणी शिरलं की लाइन खरखरायला लागायची. लोक म्हणायचे केबल सडली, बदला. केबल कशाला सडतेय? जॉइंट उघडायचा, सुकवायचा, परत बांधायचा. केबल चांगलीच असायची."

मी म्हटलं, "मामा, काव यांचा अख्खा निबंध हाच आहे."

"हो, पण मग कपानींचं काय? त्यांना काहीच नाही?"

हा प्रश्न मात्र रास्त. नोबेल २००९ चं. त्यातलं अर्धं काव यांना, दूरसंचारासाठी फायबरमधून प्रकाश वाहून नेण्याच्या कामाबद्दल. उरलेलं अर्धं कॅमेऱ्यातल्या सीसीडी चिपसाठी बॉइल आणि स्मिथ यांना. एका विषयाचं नोबेल तिघांपलीकडे जात नाही, तिथेच यादी भरली. कपानींना मिळालं नाही, तसं ते व्हान हेलना नाही, हॉकहॅमना नाही, कॉर्निंगच्या तिघांनाही नाही. ज्यांनी प्रत्यक्ष फायबर बनवली त्यांनाच नाही! हे मला पटतं का? पूर्णपणे नाही. पण 'भारतीय म्हणून डावललं' हेही मला त्यात दिसत नाही. कपानींनी दोन मीटरचा प्रश्न सोडवला, काव यांनी किलोमीटरचा. कपानी २०२० च्या डिसेंबरमध्ये गेले आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपलं आपण जिवंतपणी द्यायला काय हरकत होती, असं मामा म्हणाले. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी त्यांना काव यांच्या नोबेलचं सांगितलं. बक्षीस जाहीर झालं तेव्हा त्यांना अल्झायमर होता. स्टॉकहोमला व्याख्यान द्यायला उभ्या राहिल्या त्यांच्या पत्नी ग्वेन. त्याही इंजिनियर, लग्नाआधी त्याच कंपनीत. चाळीस वर्षांपूर्वी नवरा कशाच्या मागे लागला होता ते त्यांनी जगाला सांगितलं, आणि तो समोर बसून ऐकत होता. किती कळत होतं कोण जाणे. २०१८ मध्ये काव गेले. मामींच्या आईंनाही शेवटी शेवटी काही आठवत नव्हतं, त्यामुळे ताटावर जरा वेळ कुणीच बोललं नाही.

वातावरण हलकं करायला मी मामांसाठी राखून ठेवलेली गोष्ट काढली. "मामा, भारतात शहरातल्या शहरात एक्स्चेंजं जोडणारी पहिली फायबर कुठे सुरू झाली, सांगा." मुंबई, म्हणाले. नाही. दिल्ली? नाही. "पुणे. १९७९. लाँग बीचनंतर फक्त दोन वर्षांनी."

मामांचा चेहरा बघायला हवा होता. ते खात्यात लागले १९८६ ला. तीस वर्षं याच शहरात तारा जोडल्या आणि ही गोष्ट त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. "आपल्या पुण्यात?" असं दोनदा विचारलं. मग चष्मा लावून फोन घेऊन बसले.

रात्री घरच्या ग्रुपवर मामांचा मेसेज आला, स्वतः टाइप केलेला. कपानींचं फॉरवर्ड तसंच होतं, पण खाली काव आणि वीस डेसिबल हे दोन ओळींत अगदी अचूक लिहिलं होतं. शेवटी पुणे, १९७९. मला फार बरं वाटलं.

सोमवारी सकाळी तोच मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर फिरत फिरत आला. काव गायब, वीस डेसिबल गायब. उरलं होतं एवढंच, की जगातली पहिली ऑप्टिकल फायबर पुण्यात टाकली गेली, अभिमान असेल तर पुढे पाठवा. तिरंगे सहा. :-)